बोकडाच्या नोंदीपाशी अडलेली प्रस्तावना

सर, परवा तुमची मुलगी तुमच्यामागे राहिलेली वही माझ्याकडे ठेवून गेली. इंग्रजी वाक्प्रचार, त्यांचे अर्थ, ते कुठून आले याच्या नोंदी, उजवीकडे कललेल्या तुमच्या अक्षरात. तिला त्याचं छोटंसं पुस्तक छापायचंय. "प्रस्तावना तुमीच बरयात, मास्तर. बाबा सदांच तुमचें नांव काडटाले." मी हो म्हटलं, आणि एका नोंदीपाशी अडलो.

वही उघडली की मी दिचोलीच्या शाळेत, तिसऱ्या बाकावर. 'ब्रेक द आइस'. बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला, एवढंच आम्हाला ठाऊक. तुम्ही बाजारातून भुशात गुंडाळलेला तुकडा आणता, टेबलावर ठेवता आणि गोठलेल्या पाण्यातून मागच्यांसाठी वाट फोडत जाणारं जहाज आम्हाला दाखवता. मधेच तुम्हाला कविता आठवते, ती संपेपर्यंत हजेरीपट भिजलेला असतो. मग 'स्केपगोट'. जुन्या काळी पुरोहित बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांची पापं त्याच्यावर घालायचा आणि त्याला रानात हाकलायचे. "सर, तो आमगेर आसलो जाल्यार मटणाची शाकुतीच जातली आसली!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतो, वर्ग खिदळतो. मी विचारतो, "मागीर तो बोकड खंय गेलो, सर?" तुम्ही खडू खाली ठेवता. "तें कोणेंच बरोवन दवरूंक ना रे." ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

पुढे राजभाषा मराठी की कोकणी हा वाद पेटला तेव्हा मी त्याच शाळेत मास्तर होतो आणि तुम्ही निवृत्त होऊन गावी, लाटंबार्श्याला. बसस्टँडवर मराठीवाल्यांनी मला गाठलं. हातात सह्यांचा कागद. आदल्याच दिवशी कोकणीवाले दुसरा कागद घेऊन घरी आले होते, त्यांना मी "फाल्यां", उद्या बघू, म्हणून वाटेला लावलं होतं. "मास्तर, आज सही केल्याबिगर बस मिळायची नाही हां," एकजण हसत म्हणाला, पण त्याचे डोळे हसत नव्हते.  तोंडून निघून गेलं, "आधी सरांकडे जा. त्यांनी केली की मागोमाग माझी." दुसऱ्या दिवशी कोकणीवाल्यांनाही तेच सांगितलं.

तुम्ही दोन्ही कागद परत केलेत. "एका भाषेत जेवतो, एका भाषेत कविता म्हणतो. कोणाला घराबाहेर काढू?" त्यानंतर दोन्हीकडच्यांनी तुम्हाला टाकलं. तुमच्याकडे शिकायला येणारी मुलं बंद झाली. तुम्ही एकटेच घरापुढच्या बाल्कांवात बसलेले असायचा. मला कोणी सहीचं पुन्हा विचारलं नाही. लाटंबार्श्याला काही कामाने आलो तरी मी काजूच्या बागेतून आडवाटेने जायचो, तुमची हाक येईल म्हणून. एकदा आली. मी झाडाआड उभा राहिलो, तुम्ही आत जाईपर्यंत.

तुमच्या मुलीला वाटतं, ती सह्या मागणारी माणसं आपणहून तुमच्या दारी आली. पुस्तकात तुमच्या त्या दिवसांबद्दल दोन ओळी हव्यात, म्हणते. आज ती प्रस्तावना न्यायला येणार आहे. फाटक वाजलं की मी उठून बघतो, तीच आली का. खरं कळून तिने वही परत घेतली, बोलणं टाकलं, तर तुमच्याबद्दल बोलायला मला दुसरं कोणी उरलेलं नाही.

प्रस्तावना झाली आहे, सर. एक पान, अक्षर चांगलं आलंय. तुमच्याकडे लोकांना मी पाठवलं, हे वाक्य आधी त्यात होतं. सकाळी पान पुन्हा उतरवून काढताना मी ते गाळलं.