शिवणाच्या डब्याची काच

लिहून ठेवतो की, मी, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय काचेवर प्रकाशाने त्रिमिती चित्रे उमटवणे, आज पूर्ण शुद्धीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. डॉक्टर समोरच आहेत. त्यांची तक्रार माझ्या मूत्रपिंडांबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात केली होती.

१. राहते घर, तळघरातील कामाच्या खोलीसह, आणि बँकेत उरेल ते सर्व माझ्या एकुलत्या मुलीला. मागच्या वेळी घातलेली "आठवड्यातून एकदा तरी यावे" ही अट काढून टाकतो. ती या घरात पाऊल ठेवत नाही याला कारण आहे आणि ते कारण मी आहे. पाचवे कलम पाहावे.

२. लेसर, आरसे, भिंगे आणि वाळूने भरलेले टेबल धाकट्या भावाला. त्याने जन्मभर भौतिकशास्त्र शिकवले आणि माझ्या कामाला "दादाचे खेळ" म्हटले. तरी पहिल्या चित्राचे गणित त्यानेच मांडून दिले होते, हे मी चारचौघांत कधी कबूल केले नाही. टेबल त्याने एकट्याने हलवू नये. त्याची कंबर आणि त्याचा हट्ट, दोन्ही मला ठाऊक आहेत.

३. कलादालनाच्या मालकाला काहीही नाही. "हे विज्ञान झालं, प्रयोगशाळेत न्या," म्हणून त्याने मला वाटेला लावले. प्रयोगशाळेतले म्हणाले, "ही कला झाली, दालनात न्या." धड ना इकडचा, धड ना तिकडचा, अशी माझी बारा वर्षे गेली. पदक मिळाल्यावर हाच मालक फुले घेऊन दारात उभा. माझ्या पश्चात त्याने प्रदर्शन भरवलेच, तर निदान भाषण करू नये.

४. पदक मिळाले ती काच. तिच्यात माझ्या पत्नीचा शिवणाचा डबा आहे, उघडा. मागून उजेड सोडला की डबा काचेपलीकडे खरोखर ठेवल्यासारखा दिसतो. लोक सुई उचलायला बोटे पुढे करत. असे चित्र घेताना केसाच्या हजाराव्या भागाइतकीही हालचाल चालत नाही. म्हणून घरात नियम होता: तळघराच्या दारावरचा लाल दिवा लागला की कोणी चालायचे नाही, नळ सोडायचा नाही, हाक मारायची नाही. पत्नीच्या हातून एकदा वर झाकण पडले आणि काच वाया गेली. मी तिच्याशी तीन दिवस बोललो नाही. त्यानंतर दिवा लागला की ती चपला काढून एका जागी बसून राही.

ही काच फोडून भागत नाही. मी फोडून पाहिली आहे. दोन तुकडे झाले आणि दोन्हींत अख्खा डबा दिसतो. नाहीसे करायचे तर गरम पाण्यात भिजवून वरचा थर खरवडावा लागतो. माझा हात धजला नाही. दोन्ही तुकडे मुलीला. ठेवायचे की खरवडायचे, तिचे तिने ठरवावे.

५. ही काच घेतली त्या दिवशी मी दुपारी तीनला दिवा लावला. सव्वाचारला विझवून वर आलो तेव्हा पत्नी खुर्चीत बसलेली होती आणि गेलेली होती. मांडीवर चिठ्ठी होती. शाळेत शिकवणारी बाई, प्रत्येक चिठ्ठीवर वेळ घालायची सवय. "३ वा. १० मि. छातीत दुखतंय. दिवा गेला की लगेच वर या. घाबरू नका." डॉक्टर म्हणाले, तेव्हाच बोलावले असते तर काही करता आले असते.

मुलगी चारला येणार होती, ती साडेपाचला आली. "बाबा, मी वेळेवर आले असते तर आई वाचली असती ना?" मी म्हणालो, "जाऊ दे आता." नाही म्हटले नाही. चिठ्ठी खिशात होती. एकोणीस वर्षे तिने ते ओझे वाहिले आणि मी वाहू दिले, कारण खरे सांगितले तर ती मला सोडेल अशी भीती वाटली. तसेही तिने मला सोडलेच.

पोरी, आई तुझ्या उशिरामुळे गेली नाही. चिठ्ठी या कागदाला टाचली आहे. क्षमा मागत नाही, ती मागण्याची माझी लायकी नाही.

ठिकाण: राहते घर, वरची खोली. दिनांक: १४ ऑक्टोबर.
सही: (लिहून देणार)

साक्षीदार पहिला: समोरचा चष्म्याचा दुकानदार. मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार दुसरा: घरचा डॉक्टर. मी पाचवे कलम दोनदा वाचले. त्या दिवशी मीच तपासले होते. बाई चारच्या आधीच गेल्या होत्या. "मुलीला वेळ सांगू नका," असे यांनी मला तेव्हा सांगितले आणि मी ऐकले, म्हणून यात माझाही वाटा आहे. हा कागद उघडायची वाट मी पाहणार नाही. उद्या सकाळी चिठ्ठी घेऊन मी तिच्या घरी जातो आहे. तसे यांना सांगितले. यांनी टाचणी स्वतःच्या हाताने काढून चिठ्ठी माझ्याकडे दिली.