तेविसावी फेरी

३ नोव्हेंबर १९८६, वारजे
तर्कशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी कोणाला तरी माझ्या तर्काची गरज भासली, याचा आनंद लपवण्याचे कारण नाही. इथल्या जहाज-परीक्षणशाळेत मला एक खोली, खिडकीबाहेर उसाचे शेत आणि तीन महिन्यांचे काम मिळाले आहे. पुण्यात समुद्र नाही. पण इथे दीडशे मीटर लांबीचा झाकलेला हौद आहे. सैन्य आणि रसद अतिवेगाने वाहून नेणाऱ्या नव्या जहाजाची लाकडी प्रतिकृती त्यात ओढून पाहतात. मूळ जहाज बांधून तयार आहे. त्यावर सैनिक चढवण्याची परवानगी आमच्या अहवालावर अडली आहे. अहवालातील युक्तिवाद निर्दोष करणे हे माझे काम.

पहारेकरी गेनबा म्हणाला, "मास्तर, हितं समद्यांस्नी पाण्याचं याड हाय. तुमी तेवढं कोरडं ऱ्हावा." मी राहीन, असे आश्वासन दिले.

मुलाला, श्यामसुंदरला, पत्र टाकले. सैन्यात कॅप्टन झाल्यापासून त्याची उत्तरे माझ्यासारखीच आखूड येतात. लहानपणी मी लिहीत असलो की तो दारात उभा राहून माझे वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत असे. मगच आत येई. ही शिस्त मीच लावली होती. त्याच्या आईला, कुसुमला, ती कधी आवडली नाही.

७ नोव्हेंबर
रज्जाक मिस्त्रींनी काम दाखवले. मंडईमागे राहतात, घरात तीन पिढ्यांची सुतारकी. प्रतिकृती त्यांच्याच हातची. तिच्या डेकवर शिशाच्या दोनशे गोळ्या मांडतात. एक गोळी म्हणजे एक सैनिक. हौदावरच्या रुळांवरून गाडी धावते आणि प्रतिकृती ओढते. प्रत्येक फेरीनंतर वीस मिनिटे सगळे स्वस्थ बसतात. मी कारण विचारले. पाण्याला आधीची फेरी विसरू द्यावी लागते, असे मिस्त्री म्हणाले. उरलेल्या लाटेवर पुढची फेरी घेतली तर मोजमाप खोटे. "विसरतं ते, सर. घाई आपल्यालाच असते." नियम मला आवडला.

१४ नोव्हेंबर
एकेचाळीस फेऱ्यांपैकी चाळीस निर्दोष. तेविसाव्या फेरीत, पूर्ण भार आणि पूर्ण वेग असताना, जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यात घुसली आणि गोळ्या तळाशी गेल्या. तीच फेरी पुन्हा घेतली तेव्हा काही घडले नाही. अभियंत्यांनी लिहिले होते, 'कारण अज्ञात'. अज्ञात कारण हे कारण नव्हे. नोंदवहीत त्याआधीच्या फेरीपासून सोळाच मिनिटांचे अंतर दिसते. न्यायशास्त्रात याला उपाधी, म्हणजे बाहेरून चिकटलेली अट, म्हणतात: दोष जहाजाचा नव्हे, अशांत पाण्याचा. मी अभियंत्यांचा तो परिच्छेद वगळून त्या जागी हे एक वाक्य लिहिले आणि खाली सही केली.

मिस्त्रींची हरकत अशी की त्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ हळू चालत होते; वीस मिनिटे ते स्वतः थांबले होते, पाणी शांत होते. मी लेखी पुरावा मागितला. ते हसले. "अहो सर, पाण्यानं सही कुठं करायची?"

अहवाल आज रवाना झाला.

२४ नोव्हेंबर
चार दिवसांत एकही फेरी नाही. तरी सकाळी हौद हलत होता. गेनबा आत यायला तयार नाही. मिस्त्रींनी बराच वेळ लाटा पाहिल्या आणि तेविसाव्या फेरीचा आलेख आणून माझ्यापुढे धरला. तोच चढ, तोच उतार. मी योगायोगाची शक्यता मांडली. माझ्या आवाजाचा हौदाच्या दुसऱ्या टोकाकडून प्रतिध्वनी आला.

२ डिसेंबर
श्यामसुंदरचे पत्र, चक्क दोन पाने. आठ तारखेला त्याची तुकडी नव्या जहाजातून पहिली जाणार. लिहितो: 'अहवालाखाली तुमची सही पाहिली. पोरं जरा धास्तावली होती. मी त्यांना सांगितलं, माझ्या बापानं मला कधी अर्धा गुण फुकट दिला नाही. जहाजाला काय देणार?'

अहवाल गेला त्या संरक्षण खात्याला ट्रंक कॉल लावला. माझे वाक्य मागे घेतो, असे सांगितले. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी आधार विचारला. हौदातले पाणी विसरत नाही, असे मी म्हणालो. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझेच वाक्य मला वाचून दाखवले आणि यात चूक कुठे आहे, असे विचारले.

मला दाखवता आली नाही.

५ डिसेंबर
एक तार केली. मग दुसरी. श्यामसुंदरलाही केली — तुकडी बंदराकडे निघून गेल्याचे कळले.

हौद थांबत नाही. मिस्त्री काठावर बसून पाण्याला समजावतात. विसर बाबा, विसर आता.

८ डिसेंबर
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. गाडी बंद, वीज बंद. प्रतिकृती फळीवर नव्हती. हौदाच्या मध्यावर — आपली आपण — पूर्ण वेग. नाळ खाली गेली. गोळ्या एकेक करून, ओळीने, हजेरी घ्यावी तशा —

मिस्त्रींनी बोट बुडवून जिभेला लावले. मीही लावले. कालव्याचे पाणी आहे हे.

खारट.

९ डिसेंबर
तार आली. पूर्ण भार. पूर्ण वेग. समुद्र शांत होता.

श्यामसुंदर सापडलेला नाही.

११ डिसेंबर
हौद आज स्तब्ध. मिस्त्री म्हणाले, घरी चला, लेक जैनब चहा टाकेल, इथं एकटे बसू नका. नको म्हणालो. वगळलेला परिच्छेद पुन्हा लिहायचा आहे —

हौदाच्या पायऱ्यांवर बूट वाजले. ओले. व्हरांड्यात थांबले.

दार उघडे आहे. मान वर करत नाही. उंबऱ्यावरून पाणी आत येते आहे, मेजापर्यंत — तो उभा आहे. पूर्वी उभा राहत असे तसाच.

वाक्य पूर्ण झाले की येईल. मीच शिकवले आहे.

लिहितो. तेविसाव्या फेरीच्या वेळी पाणी संपूर्ण शांत होते, आणि तरीही जहाजाची नाळ