जोडपत्र क्रमांक सतरा

३ मे, सकाळी
या हातांनी आजवर केलेल्या वस्तू: लॉस एंजेलिसच्या घराचे दोन जिने. मेहुणीच्या खानावळीचं काउंटर. तीन बाकं (एक डुगडुगतं, पण त्याला फरशी जबाबदार). आणि गिंबाप कापायचं यंत्र. भाताची गुंडाळी आत ठेवायची, दांडी ओढायची, अकरा तुकडे. प्रत्येक बरोबर अठरा मिलिमीटर. कोणत्याही कॉलेजात न जाता.

यंत्र अजून अमेरिकेतली एक कंपनी बनवते आणि मला दरवर्षी हक्काचे पैसे पाठवते. घरात येणारे पैसे तेवढेच. तिथलं सरकार त्यातून आपला कर आधीच कापून घेतं. आता बावीस वर्षांनी कोरियात, सुनचॉनला परत आलो, तर इथलं सरकारही त्याच पैशांवर कर मागतंय. नियम स्वतः वाचून काढला. तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा करून मिळतो. अर्ज ३१ मेपर्यंत.

बायको सुन्ये म्हणाली, कुणा जाणकाराला विचारा ना. मीच तो. ज्यानं अठरा मिलिमीटर साधले, त्याला चार चौकटी भरता येणार नाहीत?

सुन्ये पुढे म्हणाली, पैसे वाचले की माझ्या दोन दाढा बसवून घेऊ या, दोन वर्षं एकाच बाजूनं चावतेय. म्हटलं, दाढा आल्याच समज.

७ मे
अर्ज दिला. मागितलेली कागदपत्रं चार. मी जोडलेली सतरा, सगळ्यांना क्रमांक, कोपरे जुळवून. सतरावं म्हणजे माझ्या कॅलिफोर्नियाच्या ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स, दोन्ही बाजूंची. कोणी मागितली नव्हती. पण अर्ज असा हवा की समोरच्याला प्रश्नच पडू नये.

१२ मे
समोरच्याला प्रश्न पडला.

करकचेरीत खिडकीवर प्यो नावाच्या बाई. म्हणाल्या, तकसाहेब, आमच्याकडे तुमचा जन्म १० फेब्रुवारीचा आणि या लायसन्सवर ८ मार्चचा. तिकडे कर भरलेला माणूस तुम्हीच कशावरून?

शांतपणे समजावलं. वडिलांनी माझा जन्म चांद्र पंचांगानं सांगितला, दुसऱ्या महिन्याचा दहावा दिवस. कारकुनानं तीच सरळ १० फेब्रुवारी करून टाकली. अमेरिकेत गेल्यावर मी जुनी पंचांगं मिळवून सत्तावीस दिवसांचा फरक काढला (ते लीप वर्ष होतं) आणि लायसन्सवर खरी तारीख घातली. चूक त्यांची, दुरुस्ती माझी.

बाई म्हणाल्या, माझ्या आईचंही अगदी असंच आहे हो, पण ती लायसन्स जोडत नाही. रांगेतला एकजण हसला. अशा लोकांमुळेच देश मागे राहतो.

आता दोन्ही माणसं एकच असल्याचा दाखला हवा, नाहीतर जन्माची नोंद दुरुस्त हवी. दाखला म्हणजे मलमपट्टी. मी नोंदच दुरुस्त करणार.

१६ मे
कोर्टात अर्ज दिला. कारकून म्हणाला, चार महिने लागतील. हे ढिसाळ अर्जांचं झालं. माझ्यासाठी दहा दिवस धरतो. जन्माच्या वेळी हजर असलेला साक्षीदार हवा. मोकपोची थोरली ताई आहेच, वय एकाहत्तर, डोकं शाबूत.

२० मे, मोकपोहून परतताना, बसमध्ये
ताईपुढे कागद ठेवला. खाली सही कर म्हटलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, मार्च? कुठला मार्च! फेब्रुवारीपण नाही. तू झालास तेव्हा दारात गुडघाभर बर्फ होता रे, सुईणीला बोलवायला मीच पळाले, एक चप्पल त्यातच गेली. बाबा नोंदवायला गेले दोन महिन्यांनी, तेही बैल विकायला बाजारात गेले होते म्हणून. तिथे दिवस आठवेना, तर त्या दिवशीचीच तिथी सांगून आले.

विचारलं, मग माझी खरी तारीख? म्हणाली, गुरुवार असावा. जेव आधी, मासा गार होतोय.

म्हणजे माझा सत्तावीस दिवसांचा हिशेब अचूक होता. फक्त तो बैल विकल्याच्या दिवसाचा होता.

२१ मे
ताईच्या आठवणीवर विसंबणं शास्त्रीय नाही. ८ मार्चच कायम.

२६ मे
जेवताना सुन्ये मुळ्याचं किमची कात्रीनं कापत होती. तांदळाएवढे तुकडे. विचारलं, दुखतंय का? म्हणाली, दाढच नाही, दुखेल काय?

मग म्हणाली, अहो, तुम्ही बर्फात झालात की बैलाबरोबर, माझ्या ताटातला मुळा तेवढाच कडक आहे.

उत्तर तयार होतं, पण भात निवत होता.

२९ मे
कोर्टातून काही नाही. दहा दिवस उलटून गेले. चौकशी केली. अर्ज अजून पेटीतच आहे. दुपारभर डुगडुगत्या बाकावर बसून होतो.

३० मे, संध्याकाळी ६.०५
सव्वाचारला प्यो बाईंचा स्वतःहून फोन. म्हणाल्या, तकसाहेब, सहाच्या आत या, उद्या सुट्टी आहे. ते सतरावं पान आम्ही मागितलंच नव्हतं. तुम्ही जोडलंत, तुम्हीच काढून न्या. बाकीचे सोळा कागद चोख आहेत, मी आजच मंजुरीला पाठवते. कचेरी घरापासून चालत अकरा मिनिटांवर.

मी म्हटलं, मी एकदा जोडलेला कागद काढत नाही. बाई म्हणाल्या, बरं.

सुन्येनं आतून विचारलं, कचेरीतून होता का हो? काय म्हणाले? म्हटलं, काही नाही, कागद चोख आहेत म्हणाले. तिला बरं वाटलं. दात घासताना गुणगुणत होती.

मी नाकारलं ते एवढंच: एक पान परत घेणं, आणि करातून वजा होणारे अठ्ठावीस लाख साठ हजार वॉन.