पाण्यात काय निघालं

१८ फेब्रुवारी १९८७, लातूर
आजही प्रॅक्टिकल नाहीच! जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालायला पाणी नाही, प्लेटा धुवायला नाही. सिद्धेश्वर सर खुर्चीत बसून सांगत गेले — “लिहा. चोवीस तासांनी प्लेटवर जंतूंच्या पांढऱ्या वसाहती दिसल्या.” आम्ही लिहिलं. बी. फार्म.चं शेवटचं वर्ष, आणि अजून एक जंतू डोळ्यांनी पाहिला नाही.

५ मार्च
होस्टेलला दिवसाआड माणशी एक घागर पाणी. लातूर जिल्हा झाला तेव्हा बाबा केवढे खूश! आता सगळं लातुरातच मिळणार म्हणे.

१४ मार्च, शिरूर अनंतपाळ
सुट्टीला घरी आले. श्रीमंतदादाच्या आम्रपालीला कालपासून जुलाब. दीड वर्षाचं लेकरू, डोळे आत गेलेत.
टँकर गावातल्या विहिरीत रिकामा होतो. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया गेल्या की गावातले म्हणतात — “थांबा, आधी आमचं भरू द्या.” त्यांचं भरेपर्यंत खाली गाळ. म्हणून माय नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं भरते. तेच पाणी लेकराला.
श्रीमंतदादा म्हणाला, “तू जंतूचंच शिकायलीस न्हाई का? बघ की मग, काय हाय पाण्यात!”
मी म्हणाले, पाणी उकळा, मीठ-साखर घालून पाजा, निलंग्याच्या दवाखान्यात न्या. झिऱ्याचं पाणी बाटलीत घेतलं.

१६ मार्च, लातूर
सरांपुढे बाटली ठेवली. घरातलं लेकरू आजारी आहे, हेही सांगितलं. सर हसले. “पाणी तपासायला बी पाणी लागतंय, बाई. ठेव तिकडं.”

१९ मार्च
बाटली तशीच. काल विचारलं, आज विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते — मला! त्यांना नाही.

२१ मार्च
एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. आम्रपाली गेली.

२२ मार्च, शिरूर
वहिनी भिंतीकडं तोंड करून पडलीय. दादानं एवढंच विचारलं, “काय निघालं गं पाण्यात?”
काय सांगू? सर हसले म्हणून सांगू?
“जंतू निघाले, दादा. पटकीचे.”
खोटं! सरांसारखंच, पुस्तकातलं. दादा कितीतरी वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, “मंग शिक. लई शिक.”

२७ मार्च
उद्या लातूरला जायचं. जीव होत नाही. दादा दोन दिवस झाले, निलंग्याला तहसिलीत जाऊन बसतो. कशासाठी, सांगत नाही.

२८ मार्च
सकाळी टँकर थेट आमच्या वस्तीत आला! तहसिलीतले साहेब दादाला पुरावा मागत होते म्हणे. दादा म्हणाला — “माझ्या बहिणीनं लातूरला तपासलंय. पटकी हाय. अजून किती लेकरं जाऊ द्यायची?” पटकीचं नाव ऐकून, साथ पसरायच्या भीतीनं साहेब घाबरले.
मायनं पहिली घागर माझ्या हातात दिली. सगळ्या बाया बाजूला सरल्या.
मी भरली.