मामाचे डोळे

प्रिय आई,

शंकर नगरातून संपदाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवून राहिली. तुझे गुडघे कसे आहेत?

शेखरमामाले कामावरून काढलं, तो सोमवारी घरी पोहोचेल. कारखान्यात कापड रंगवायचा मास्टर तोच होता. चारशे मीटर कापडावर मरून रंगाचे चट्टे पडले, तर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्टरजी, अब आपकी आँखें गईं." मामा कापड उन्हात धरून पाहत राहिला.

तुलेच सांगते, डोळे चांगले आहेत, पाणी बिघडलं होतं. इथलं बोरचं पाणी जड आहे, तसंच वापरलं तर रंगाचे चट्टे पडतात. ते मऊ करायच्या टाकीत मीठ टाकणं अन् पाणी तपासणं माझं काम. तीन दिवस मी काहीच न करता रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहिलं. मामानंच मले इथं लावलं, म्हणून माझ्या सहीवर त्यानं शंका घेतली नाही.

आता त्याच्या जागी मलेच बसवलं. माझी काळजी करू नको.

तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हणेल. उन्हाळा जाऊ दे, असं सांग. नाहीतर डॉक्टर म्हणेल डोळे चांगले आहेत, अन् मग तो पाण्याचा विचार करेल.

तुझी पोट्टी,
संपदा