लांद्याला ऊब लागते

बोडेनार, ता. एटापल्ली
१२ डिसेंबर १९९१

चि. सौ. मीरा हिस,
लालसूभाऊचा जोहार व अ. आ., वि. वि.

दसरूजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं हे वाचून बरं वाटलं. त्यांना सोडून तू येऊ नकोस. इकडचं मी निभावतो.

पौष पौर्णिमेला इतवारीला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तिच्या नावाचा दगड उभा करायचा आहे. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहेच. गेलेलं माणूस ज्या घरात रांधत होतं, त्याच घरात आंबवलेला लांदा दगडावर ओतायचा. विकतचा चालत नाही, शेजारचाही नाही. आजवर आपल्याकडे लांदा तुझी वहिनी करायची आणि मी फक्त प्यायचो. आता तांदूळ कुटले, पीठ वाफवलं, मोड आलेल्या मक्याचं पीठ कालवून मडकं भरलं. आठवडा होत आला, पण ना बुडबुडा, ना वास. शेजारचे पोचूबाबा झाकण काढून म्हणाले, मास्तर, हे तं झोपून राह्यलं.

थंडी फार आहे. इतवारी मडकं कुठे ठेवायची, कशात गुंडाळायची, मी कधी पाहिलंच नाही. तुला आठवत असेल तर सविस्तर लिही.

तुझा,
लालसू


माजरी
२० डिसेंबर १९९१

तीर्थरूप लालसूभाऊंस,
मीराचा जोहार, शि. सा. न.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, मास्तरले सांग, मडकं घेऊन इथीच ये, आमच्याकडे खाणीवर कोळशाचे ढीगच धुमसत असतात. आश्रमशाळेत जन्मभर पोरांना पाढे घोकायला लावले आणि एका मडक्यापुढे हात टेकले, हे ऐकून माझी मात्र करमणूक झाली.

आता नीट वाचा. मडकं बांबूच्या टोपलीत ठेवायचं, चारी बाजूंनी भाताचं तणस दाबून भरायचं, वरून पोतं. टोपली चुलीपासून हातभर लांब, भिंतीच्या अंगाला. फार जवळ ठेवलीत तर आंबटढाण होईल. मुख्य म्हणजे ऊब कमीजास्त होता कामा नये. दिवसा गरम आणि रात्री गार, हे लांद्याला सोसत नाही. वहिनी सकाळी उठल्याबरोबर मडक्याच्या पोटावर तळवा ठेवायची. झोपेतून उठलेल्या लेकराचं अंग असतं, तेवढं ते गरम लागायला हवं.

पहिलं मडकं गाईला घाला आणि नव्याने भरा. तब्येतीचं काहीच लिहिलं नाही, ते लिहा.

तुमची धाकटी,
मीरा


बोडेनार
२९ डिसेंबर १९९१

चि. सौ. मीरास,
अ. आ., वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. टोपली, तणस, पोतं, शिवाय माझी रजई मडक्याला दिली आणि मी घोंगडीवर भागवतो आहे. इतके लाड तर इतवारीनेही माझे केले नव्हते. सकाळी भात झाला, चूल विझली, की रजई पुन्हा घट्ट आवळतो. संध्याकाळी तोच भात खातो आणि दिवेलागणीलाच पडतो. तरी रोज पहाटे मडकं माठासारखं गार.

दुसरंही फुकट गेलं. पौर्णिमा जवळ आली आहे. पोचूबाबांची सून म्हणाली, आमच्या घरचा घेऊन जा, कोणाले कळते. मला कळेल ना. तिच्या दगडावर परक्या घरचं ओतायचं, हे माझ्याने होणार नाही. तब्येत बरी आहे.

तुझा,
लालसू


माजरी
७ जानेवारी १९९२

तीर्थरूप भाऊंस,
जोहार, शि. सा. न.

ऑपरेशन चांगलं झालं. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी आहे, त्यामुळे तुमचं पत्र मी मोठ्याने वाचत होते, आणि मध्येच थांबले. सकाळी चूल विझली, पुढे काय? संध्याकाळी तुमच्या घरात चूल पेटतच नाही?

भाऊ, रजई ऊब देत नाही, आहे ती राखते. वहिनी दोन्ही वेळा रांधायची, झोपताना निखारे राखेत दाबून ठेवायची. त्या उबेवर मडकं रात्र काढायचं. तुमच्या घरात राखायला ऊबच नाही. वर्षभर एक वेळ रांधून शिळं गार खाता, आणि मला लिहिता तब्येत बरी आहे. मला फार राग आला आणि रडूही आलं. हे पट्टीआडून म्हणाले, काऊन चिडतेस, एकट्या माणसाले संध्याकाळ कटत नाई.

मडकं राहू द्या. रोज संध्याकाळी चूल पेटवा, काहीतरी गरम रांधून खा. मडक्याचं आपोआप होईल.

रागावलेली,
मीरा


बोडेनार
२४ जानेवारी १९९२

चि. सौ. मीरास,
अ. आ., वि. वि.

दगड उभा राहिला. घरचा लांदा ओतला. तुझं पत्र वेळेवर पोचलं म्हणून.

पत्र आलं त्याच संध्याकाळी चूल पेटवली, कुळथाची आमटी केली, निखारे दाबले. तिसऱ्या मडक्याला दुसऱ्याच दिवशी आवाज फुटला. बारीक, सारखा, जसं कोणी आतल्या आत पुटपुटतंय. मी टोपलीजवळ बसून जेवू लागलो. शाळेतलं, गावातलं काहीबाही सांगायचो. तू हसशील, पण खरं आहे.

मग पोचूबाबा म्हणाले, मास्तर, तयार झालं, गाळून घे. मी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणालो. गाळलं की आवाज बंद होणार, हे मला ठाऊक होतं. शेवटी ते चिडले. म्हणाले, बायकोच्या दगडाचा लांदा आहे, तुह्या सोबतीसाठी नाई ठेवला. त्यांच्यादेखत गाळलं. दोन दिवस जास्त झाल्याने आंबट झाला होता. म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली, इतवारीच्या हातचा असा कधी नव्हता म्हणाल्या, पण थेंब उरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी उठलो आणि सवयीने मडक्यावर तळवा ठेवला. रिकामं आणि गार. इतवारी गेली तेव्हा लोक होते, कामं होती, डोळे कोरडे राहिले. त्या सकाळी मात्र टोपलीपाशी बसून पुष्कळ रडलो. चूल रोज दोन वेळा पेटवतो, तुझी आज्ञा मोडलेली नाही. पण मीरा, मला इथे एकट्याने राहवत नाही.

भावाने बहिणीला न्यायला जायचं, ही आपली रीत. दसरूजींची पट्टी सुटली की या खेपेला तू मला न्यायला ये.

वाट पाहणारा,
लालसू