माझ्या नावावरच्या गोळ्या

प्रिय,

चारचौघांत तुला 'अहो' म्हणते, पण कागदावर तूच. हे पत्र हातात पडेल तेव्हा तुझ्या मानेला पट्टा असेल. म्हणूनच तर लिहितेय. घरात मी या विषयावर तोंड उघडलं की तू चपला शोधायला लागतोस. आता तुला उठून जाता येणार नाही आणि मानही फिरवता येणार नाही, तेव्हा वाच सगळं.

तुला मानेच्या ऑपरेशनला आत नेलंय आणि मी बाहेरच्या बाकावर बसलेय. समोरच्या कूलरचा नळ गळतोय. येणारा-जाणारा प्रत्येकजण तो पिळून बघतो आणि पुढे जातो. तुझा चष्मा आणि घड्याळ माझ्या पर्समध्ये आहेत. जीव टांगणीला लागलाय, खोटं कशाला बोलू? पण मी जे केलंय त्याचा पश्चात्ताप मात्र तसूभरही नाही.

काल त्या भूल देणाऱ्या डॉक्टर वॉर्डात आल्या. दमा आहे का, मूत्रपिंडाचं काही दुखणं आहे का, रोजचं काही औषध चालू आहे का, एकेक विचारत होत्या. तू छातीठोकपणे नाही म्हणालास. वर, क्रेनवर बसून लोखंड उचलणाऱ्याला कसली औषधं म्हणून हसलास. मग माझ्याकडे पाहिलंस, नेहमीसारखं, डोळे बारीक करून. पण त्या निघाल्या तशी मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने मागोमाग गेले आणि पर्समधली गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली.

"फिटच्या गोळ्या या. कोण घेतं?"

औषधवाल्याला, शेजारणींना, तुझ्या आईलासुद्धा मी या प्रश्नाचं एकच उत्तर देत आलेय. काल ते दिलं नाही.

"हे घेतात," म्हणाले. "रोज, दोन वेळा."

त्या रागावल्या नाहीत. मला बसवून समजावलं. भुलीत माणूस झोपला तरी त्याचं अंग हलू शकतं, म्हणून स्नायू सैल पाडायचं औषध वेगळं देतात. ते सगळ्यांच्या अंगात सारखं टिकत नाही. मूत्रपिंड अधू असलं, अंग गार पडलं किंवा काही विशिष्ट अँटिबायोटिक चालू असलं, तर ते रेंगाळतं आणि ऑपरेशन संपल्यावरही माणसाला नीट श्वास घेता येत नाही. आणि तुझ्यासारखा वर्षानुवर्षं या गोळ्या खाणारा असला, तर उलट ते भराभर उतरतं. हे आधी माहीत नसेल तर अंदाज चुकतो. तुझ्या मानेत, मज्जारज्जूला खेटून हत्यार चालू असताना तू नुसता खोकला असतास तरी पुरे होतं. हातपाय कायमचे जाऊ शकले असते. एवढं ऐकल्यावर मी कोणाला भ्यायचं, तुझ्या बारीक डोळ्यांना?

तुझी क्रेनवरची नोकरी जाऊ नये म्हणून इतकी वर्षं तुझं दुखणं मी माझ्या नावावर वागवलं. तुझे झटके डॉक्टरांपुढे माझे म्हणून सांगितले, हात कसा वाकडा होतो त्याची नक्कलसुद्धा केली. घरी येऊन आपण दोघं पोट धरून हसलो होतो, आठवतं? पुढे मला हसू येईनासं झालं. धाकट्या जाऊबाईंनी त्यांचं तान्हं बाळ अजून एकदाही माझ्या हातात दिलेलं नाही. मी शेगडीपाशी गेले की कोणीतरी लगबगीने मागे येऊन उभं राहतं. तू ते बघतोस आणि वर्तमानपत्र वर धरतोस.

गोळ्यांनी फिट थांबल्यात, हे मान्य. पण एकदा गोळी चुकली तेव्हा तू न्हाणीघरात कोसळलास. सुट्टी होती म्हणून निभावलं. एरवी त्या वेळी तू वर क्रेनच्या केबिनमध्ये असतोस आणि तुझ्या हुकाखाली तुझ्याच कारखान्यात काम करणारा माझा भाऊ उभा असतो. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही रे.

आत्ताच डॉक्टर बाहेर येऊन गेल्या. ऑपरेशन नीट झालंय, तुझी हातापायांची बोटं हलताहेत. स्नायूंचं औषध किती उरलंय ते कळायला मनगटाला विजेच्या बारीक तारा लावून, तुझा अंगठा कसा उडतो ते बघत त्या सतत बसून होत्या. औषध खरंच लवकर उतरत होतं. प्रत्येक वेळी त्यांनी ते वेळेवर वाढवलं. तू जराही हलला नाहीस. ऐकून मी कूलरपाशी जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. या गोळ्यांची चिठ्ठी मी डॉक्टरांकडून नव्याने लिहून घेतलीय आणि तिच्यावर तुझं नाव आहे. माझ्या नावावर यापुढे एकही गोळी येणार नाही. इथून कोणी कारखान्यात काही कळवणार नाही, तसा शब्द डॉक्टरांनी दिलाय. मुकादमाला तू स्वतः सांगायचंस. तू न सांगता पुन्हा क्रेनवर चढलास, तर त्याच दिवशी मी फाटकाशी येऊन सांगेन. त्याने जमिनीवरचं काम दिलं तर ठीक, नाही दिलं तर माझं शिलाई मशीन आहे. रागव, अबोला धर, काय हवं ते कर. मी कुठे जात नाही. आणि घरी पोचलो की जाऊबाईंचं बाळ मी मांडीवर घेणार आहे. त्या अडवायला आल्या, तर का अडवायचं नाही ते तू सांगायचंस, माझ्यासमोर.

इतकं करूनही,
तुझीच